पाटीवरची ताई

शुक्रवारी दिवेलागणीला मगदुमांच्या घरात दोन पाट्या एकदम वाजायच्या. टिंग! की दोघी बहिणी हातातलं टाकून पळाल्याच. एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत. जुळ्या होत्या, आणि दिसायला इतक्या सारख्या की मिरजेच्या स्टेशन रोडवरचा भेळवाला अजून दोघींना एकाच नावानं हाक मारायचा. रेवा आणि जुई. पूर्वी एकाच गादीवर पालथ्या पडून वाचायच्या. आठवीत आल्यापासून रेवा हॉलमध्ये बसायला लागली. "जुई एकेक शब्द मोठ्यानं वाचते, मला काही सुधरत नाही," अशी तिची तक्रार.

पाटी म्हणजे आपली पेन्सिलीनं लिहायची दगडी पाटी नव्हे हो. ही वाचनपाटी, शाळेनं दिलेली. दर शुक्रवारी तिच्यावर एक उतारा यायचा, त्याखाली नवे शब्द, त्याखाली व्याकरण. सोमवारी सकाळपर्यंत सगळं पुरं करायचं.

आता, आठवड्याचा गृहपाठ काही नवा नव्हता. वर्षानुवर्षं मराठीच्या बायांनी 'उतारा वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहा' असं फळ्यावर लिहिलं आणि वर्षानुवर्षं पोरांनी उतारा न वाचताच उत्तरं लिहिली. प्रश्नातले शब्द उताऱ्यात हुडकायचे, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, झाला गृहपाठ! ही चलाखी पाटीनं पार मोडून काढली. कारण पाटी उत्तरं तपासतच नव्हती. ती डोळे तपासत होती.

वाचताना माणसाचा डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो उड्या मारत जातो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, मग पुढं उडी घेतो. ओळखीचा, सोपा शब्द असेल तर टेकतसुद्धा नाही, वरच्यावर निघून जातो. अडचणीचा शब्द आला की थांबतो, मागं वळतो, पुन्हा येतो. डोक्याला ताण पडला की डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. तुम्हाआम्हाला हे दिसणार नाही. पाटीच्या वरच्या कडेला मसुराएवढा कॅमेरा होता, त्याला दिसायचं. कुठल्या पोराला कुठला शब्द येतो आणि कुठं त्याचं अडतं, हे पाटी त्याच्या आईबापापेक्षा चांगलं ओळखायची आणि पुढच्या शुक्रवारी त्या एका पोरासाठी वेगळा उतारा लिहायची. बहुतेक शब्द ओळखीचे, मधूनच एखादा नवा. पोर अडखळत नाही, कंटाळत नाही, रडत तर नाहीच. वरच्या कोपऱ्यात गोल चेहऱ्याची एक हसरी ताई असायची. प्रत्येक ओळीनंतर ती पोराच्या डोळ्यांत बघून मान हलवायची.

नवे शब्द किती द्यायचे, हे मात्र सुरुवातीलाच ठरायचं. पाचवीत आल्या आल्या प्रत्येकाची एक मोजणी व्हायची आणि तिच्यावरून पायरी मिळायची. कुणाला आठवड्याला वीस नवे शब्द, कुणाला तीन. पुढं पायरी वाढत नव्हती का? वाढायची की. जो जास्तीचे शब्द ओळखून दाखवेल, त्याची वाढायची. पण ज्याला तीनच शब्द दाखवले, त्यानं चौथा ओळखून दाखवायचा तो कधी?

रेवाला वीसची पायरी मिळाली होती, जुईला तीनची.

एका शुक्रवारी रात्री जेवताना रेवाला हसू आवरेना. "आई, माझ्या उताऱ्यात ना, एक इरसाल म्हातारा आहे. तो तहसीलदाराला असा काही गंडवतो!"

"इरसाल म्हणजे?" जुईनं विचारलं.

"इरसाल म्हणजे गं... म्हणजे बेरकी."

"बेरकी म्हणजे?"

"जाऊ दे," रेवा म्हणाली.

त्या घरात अलीकडं सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कुठलं असेल, तर हेच. जाऊ दे. रेवानं बापाकडं तोंड करून गोष्ट पुरी केली. अभिनंदन मगदूम पोट धरून हसला. सगळे हसताहेत म्हटल्यावर जुईही हसली, जरा उशिरा. पद्मजानं, त्यांच्या आईनं, ते पाहिलं.

"तुझ्यात काय होतं गं या वेळी?" तिनं जुईला विचारलं.

"मीनाची शेळी हरवली. मग ती सापडली," जुई म्हणाली. "मला पाच तारे मिळाले."

आठवीतली पोरगी! रेवाला व्याकरणात समास आणि प्रयोग चालले होते, आणि ही अजून लिंग बदला, वचन बदला करत होती. पण आठवड्याच्या आठवड्याला पाच तारे पडत होते, आणि पालकांना दिसत होते ते तारेच. भूगोल नि शास्त्रसुद्धा पाटीवरच यायचं, ज्याच्या त्याच्या पायरीनं. परीक्षा तशीच. जुई कधी नापास झालीच नाही, मग बोंब मारायची तरी कशाबद्दल?

जानेवारीत पद्मजा पालकसभेला गेली. मराठीच्या शिरगुप्पे मॅडमनी तिला मागं थांबवून घेतलं. पुढच्या वर्षी नववीला दोन तुकड्या होणार होत्या. एक नेहमीची. दुसरीचं नाव सुलभ. सुलभ तुकडीला जाडी पुस्तकं नाहीत, प्रयोगशाळा नाही. दहावी झाली की दुकानात, हॉटेलात, घरकामाच्या कंपनीत सरळ नोकरी. एकदा तिकडं गेलेलं पोर परत इकडं येत नाही.

"जुई सुलभमध्ये जाईल," मॅडम म्हणाल्या. "एप्रिलमध्ये ठरेल, पण मी आत्ताच सांगते."

घरी आल्यावर नवराबायकोची जुंपली.

"आमच्या खानदानात कोण प्रोफेसर होऊन गेलंय?" अभिनंदन म्हणाला. त्याचं फरशांचं दुकान होतं. "पोरगी हसतीय, खेळतीय. आपल्या वेळी गृहपाठ म्हटलं की पोरांच्या पोटात दुखायचं. हिच्या दुखतंय का? सगळी पोरं सारखी नसतात, पद्मा."

"चौथीपर्यंत रेवाला गोष्टी कोण वाचून दाखवत होतं? ही! एसटीत बसली की सांगलीपर्यंतचे सगळे बोर्ड वाचायची. तुम्हीच वैतागायचात."

"लहानपणी असतात हुशार. पुढं कळतं कोण किती पाण्यात आहे ते."

पद्मजा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात नको तो रिपोर्ट पडताना ती बघत होती आणि ती माणसं म्हणायची, 'असं कसं होईल? काल तर बरे होते.' आता तीही तेच म्हणत होती.

फेब्रुवारीत गावात डोळ्यांची साथ आली. आधी लॅबमधल्या पोरींचे डोळे आले, मग शाळेतल्या पोरांचे, मग रेवाचे. लाल भडक, चिकट डोळे. पद्मजानं तिचा टॉवेल वेगळा काढला, उशी वेगळी केली, काळा गॉगल दिला.

"आणि कुणाच्या डोळ्यांकडं थेट बघू नकोस. त्यांचेही येतील."

बघण्यानं ही साथ पसरत नाही, हातानं पसरते, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला काय ठाऊक नव्हतं? पण तिच्या आईनं तिला तसंच सांगितलं होतं. पोरांना जंतू समजावत कोण बसणार? बघू नको म्हटलं की पोरं आपोआप लांब राहतात. सोपं पडतं.

ती कापसानं रेवाचे डोळे पुसत होती. जुई दारात उभी राहून हसत होती.

"रेवा, पाटी झाक! ताईचे डोळे येतील!"

"गप गं," रेवा म्हणाली. "पाटीतल्या ताईचे कसे येतील?"

"मला वाटायचं, येतील," जुई म्हणाली. "पाचवीत. मी लहान होते ना. माझे डोळे आले होते. आई म्हणाली, कुणाकडं बघू नको. मग मोजणी होती. ताई समोरच होती. सारखी माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. थोडंसं वाचलं. ती परत बघायला लागली. मी परत खाली बघितलं. मला वाटलं, ताईचे डोळे आले, तर सगळ्यांचे येतील. सगळी मुलं तिच्याकडंच बघतात ना."

आणि ती पुन्हा हसली. केवढा वेडेपणा, म्हणून हसली.

पद्मजाच्या हातातला कापूस तसाच राहिला. दहा वर्षांचं पोर. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होत असताना दुसऱ्याला त्रास नको म्हणून मान खाली घालून बसलं होतं. आणि समोरचा मसुराएवढा कॅमेरा तिच्या नजरेची नोंद करत होता: अडली, मागे गेली, भरकटली. पोरीची माया त्याला कुठून दिसणार? आणि बघू नको हे सांगितलं होतं कुणी, तर पद्मजानं. पण त्याच क्षणाला, खरं सांगायचं तर, तिला आनंदही झाला. जुई ढ नव्हती! नमुनाच खराब होता!

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती शाळेत धडकली. शिरगुप्पे मॅडमनी पाचवीची मोजणी काढून बघितली आणि कपाळाला हात लावला. निम्म्याहून जास्त वेळ नजर पाटीवर नव्हतीच. डोळे आलेल्या पोरांना त्या दिवशी बसवायचंच नाही, असं ठरलं होतं. पण मोजणी उरकायची घाई. विचारलं कुणी?

"मॅडम, आमच्याकडं नमुना खराब झाला की आम्ही परत रक्त काढतो," पद्मजा म्हणाली. "परत घ्या मोजणी."

"घेते की. हक्कच आहे तुमचा. परवाच घेते."

जीव भांड्यात पडला तिचा. येताना तिनं बासुंदी आणली. अभिनंदनला सगळं सांगितलं, तेव्हा तोही हेलावला. जुईला जवळ घेऊन म्हणाला, "माझी वाघीण गं ती!" जुईला कशाचा काही पत्ता नव्हता, पण बासुंदी तिनं दोन वाट्या खाल्ली.

मोजणीच्या दिवशी पद्मजा काचेच्या बाहेर उभी राहिली. जुईचे डोळे स्वच्छ होते. रात्री झोप चांगली झाली होती. ती ताठ बसली, ताईकडं बघून हसली आणि वाचायला लागली. वाचून झाल्यावर बाहेर येऊन आईला म्हणाली, "कठीण होतं. पण मी सगळं बघितलं."

मॅडमनी जुईला मैदानावर पिटाळलं.

"तीच पायरी," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं होईल? पाटीचं चुकलं होतं ना? तुम्हीच बघितलंत."

"तेव्हा चुकलं होतं. आता चुकत नाही." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तिला आठवीचा साधा उतारा दिला होता. दुष्काळ, स्थलांतर, परिणाम, वंचित. एकेका शब्दावर तिचा डोळा अडला. काही शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितले. शब्दावर शब्द शिकतात हो मुलं. दुष्काळ माहीत असला तर स्थलांतर कळतं, स्थलांतर कळलं तर पुढचं. तिला पहिलाच दिला नाही, तर पुढचे कुठून येणार? डोकं चांगलं होतं तिचं. पण वाढीच्या वयात साडेतीन वर्षं उपाशी ठेवलं आपण त्याला."

"आपण?" पद्मजा ताडकन उठली. "मला नका घेऊ त्यात! तुम्ही मराठीच्या बाई. समोर बसत होती ना ती रोज? तुम्हाला दिसलं नाही?"

"ओरडा. मला चालेल," मॅडम म्हणाल्या. "वर्गात चाळीस मुलं, चाळीस उतारे. साडेतीन वर्षांत एक उतारा मी मुलांबरोबर बसून वाचलेला नाही. पाटी वाचून घेते, पाटी तपासते. मी फक्त तारे बघते. तिचे तारे भरपूर होते."

पद्मजा परत खाली बसली. भांडायचं तरी कुणाशी?

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. जुईला हातानं रेवाच्या पायरीवर ढकलता येत होतं. पण मग तारे बंद, खरे गुण पडणार आणि एप्रिलमध्ये ती नापास. रेवा नववीत, ही आठवीत, त्याच बाकावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नापास होणार नाही याची खात्री कुणीच देणार नव्हतं. नाहीतर आहे तिथंच ठेवायचं. मग सुलभ तुकडी.

"पंधरा दिवस द्या मला," पद्मजा म्हणाली.

घरी येऊन तिनं जुईची पाटी कपाटात टाकून कुलूप लावलं. रेवाचे उतारे कागदावर छापून आणले आणि संध्याकाळी दोघींना समोर घेऊन बसली. पहिल्या दिवशी जुईला कोण आनंद! रेवाची गोष्ट! रेवा वाचते तीच! ती बहिणीला चिकटून बसली. पहिल्या ओळीत चार ठिकाणी अडली. दुसऱ्या ओळीत पाच. रेवा सांगत गेली, सांगत गेली आणि शेवटी फणकारलीच, "अगं, हे पण माहीत नाही तुला?"

जुईनं चमकून आईकडं बघितलं. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. साडेतीन वर्षं पाटीनं तिला चुकूच दिलं नव्हतं. पडून, रडून, पुन्हा उठायची सवय पोरांना लहानपणीच लागते. हिला ती लागलीच नव्हती.

चौथ्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. सहाव्या दिवशी ती जेवली नाही. पद्मजानंही हद्द केली. लॅबमधून दमून यायची आणि तशीच पोरीला घेऊन बसायची. एकदा 'वंचित' हा शब्द पाचव्यांदा सांगूनही जुईच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. जन्मात पहिल्यांदा. मग स्वतःच ओट्यापाशी जाऊन रडली.

"बास कर आता," अभिनंदन म्हणाला. "तिच्यासाठी करतेस का स्वतःसाठी?"

"माझ्यामुळं झालं ते!"

"म्हणून तिला फोडून काढणार?"

त्या शनिवारी जुई कपाटासमोर फतकल मारून बसली. चेहरा सुकून एवढासा झाला होता. रेवा तिच्याशेजारी बसून तिच्या केसांतून हात फिरवायला बघत होती आणि जुई तिला तो फिरवू देत नव्हती.

"मला माझी पाटी दे," जुई म्हणाली. "ताई रागावत नाही. तू रागावतेस. रेवापण रागावते. मला रेवाची गोष्ट नको."

"जुई, ऐक. आता थोडा त्रास झाला, तर पुढं..."

"नको! मला कळत नाही. मला नको!"

पद्मजानं कुलूप काढलं. पाटी हातात पडल्यावर जुईनं ती आधी छातीशी धरली, मग उघडली. टिंग. दहा मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. रात्री ती पोटभर जेवली.

सोमवारी पद्मजानं लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून मॅडमना फोन लावला.

"आहे तिथंच ठेवा तिला," ती म्हणाली.

"विचार केलाय ना?" मॅडमनी विचारलं. "नववीला गेल्यावर मला काही करता येणार नाही."

"केलाय."

फोन ठेवून ती आत गेली. रांगेत माणसं थांबली होती. तिनं हातमोजे चढवले आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

एप्रिलमध्ये तुकड्या जाहीर झाल्या. त्या दुपारी रेवा मैत्रिणीकडं गेली होती. पद्मजा गॅलरीत गहू निवडत बसली होती. जुई तिच्याजवळ येऊन बसली, गव्हातले खडे काढायला लागली.

"आई, रेवा वेगळ्या वर्गात गेली."

"हो."

"मी ढ आहे का?"

पद्मजाचे हात थांबले. सगळं बोलून टाकायचं असं तिनं ठरवलं. पोरीला खरं कळायला पाहिजे, तेवढा तरी तिचा हक्क आहे. "नाही गं," ती म्हणाली. "तुझ्यावर फार मोठा अन्याय झालाय. तुझी कुवत ओळखण्यात चूक झाली, आणि त्याला सुरुवातीला माझाच निष्काळजीपणा कारणीभूत..."

बोलता बोलता तिनं जुईकडं बघितलं. पोरगी जीव तोडून ऐकत होती. पण 'अन्याय'पाशी तिची नजर अडली होती. मग आईच्या ओठांवर आली, परत मागं गेली. 'कुवत'पाशी पुन्हा अडली. खालचा ओठ थरथरायला लागला होता, त्या पंधरा दिवसांत थरथरायचा तसाच.

पद्मजानं पुढचं वाक्य गिळलं. अन्यायाच्या जागी दुसरा शब्द शोधला. तोही तिला जड वाटला. तो टाकून दिला.

"तेव्हा एक चूक झाली," ती म्हणाली. "तुझी नाही."

"मग कुणाची?"

सांगायला गेलं तर पाटी आली, मोजणी आली, पायरी आली, शाळेची घाई आली, आणि ती स्वतः आली. जुई वाट बघत होती. कपाळावर आठी पडली होती तिच्या.

"कुणाचीच नाही," पद्मजा म्हणाली. "तू ढ नाहीस. तू चांगली मुलगी आहेस."

जुईची आठी गेली. तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आता कळलं," ती म्हणाली.